साथो बिघडतो कुठे? तांदळाचे थाई मद्य करताना या चुका टाळा

थायलंडच्या ईशान्येकडील इसान प्रदेशात चिकट तांदूळ हेच रोजचे अन्न आहे आणि गावोगावचे पारंपरिक मद्यही त्याचेच होते. आंबवून प्यायले जाते ते साथो. ते गाळण्याच्या भट्टीवर चढवले की लाओ खाओ, म्हणजे पांढरी दारू, मिळते. साथो बिघडतो तो बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांत, आणि त्यामागे एकच गैरसमज असतो: तांदूळ द्राक्षांप्रमाणे आपोआप आंबेल.

द्राक्षांत साखर आयती असते. तांदळात स्टार्च असतो आणि यीस्टला तो पचवता येत नाही. म्हणून लूक पेंग वापरतात. तांदळाच्या पिठात गलांगल (आल्यासारखे मूळ), लसूण, मिरी अशी द्रव्ये घालून वाळवलेल्या या पांढऱ्या गोळ्यांत रायझोपससारखी बुरशी आणि यीस्ट एकत्र नांदतात. बुरशी स्टार्चची साखर करते आणि यीस्ट त्या साखरेचे अल्कोहोल करते. ब्रेडचे यीस्ट घालून हे काम होत नाही, कारण त्यात निम्मे कामगारच नसतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पहिल्याच दिवशी पाणी ओतणे. बुरशीला वाढायला हवा लागते. पाण्याखाली बुडालेल्या भातावर ती धरत नाही आणि त्या संधीचा फायदा आंबट करणारे जीवाणू घेतात. भात मडक्यात सैल भरावा, मधोमध खळगा करावा आणि वर कापड बांधावे. साधारण तिसऱ्या दिवशी खळग्यात गोड, किंचित पांढुरका रस साचतो, ज्याला नाम तोय म्हणतात. तो चाखून गोड लागला, तरच एक किलो तांदळामागे सुमारे दीड ते दोन लिटर उकळून निववलेले पाणी घालावे. रस साचला नसेल, तर पाणी घालून काहीही साधत नाही. लूक पेंग जुने होते किंवा भात गरम होता, असे समजावे.

गरम भातावर लूक पेंग भुरभुरणे ही दुसरी मोठी चूक आहे. वरचा थर कोमट लागला तरी ढिगाच्या पोटात वाफ कोंडलेली असते आणि तेवढी उष्णता यीस्ट मारायला पुरते. भात पसरून पूर्ण निववावा. तांदूळ रात्रभर भिजवून वाफवलेला हवा, पाण्यात शिजवलेला नको. वाफवल्यावर पाण्याने धुऊन चिकटपणा काढला आणि नीट निथळला, की तो मसालेभातासारखा मोकळा होतो आणि विरजण प्रत्येक दाण्याला लागते. बासमतीचा आग्रह धरू नये. चिकट तांदळात जवळजवळ सगळा स्टार्च अमायलोपेक्टिन प्रकारचा असल्यामुळे बुरशी तो सहज फोडते. भारतात आसामचा बोरा साउल त्याच जातकुळीचा आहे.

पाणी घातल्यावर मात्र गणित उलटते: आता हवा नको. झाकण लावावे, पण घट्ट नव्हे, कारण कार्बन डायऑक्साइडला वाट हवी. रोज ढवळून हवा घातल्यास व्हिनेगरचा वास येतो, आणि तो आलेला साथो दुरुस्त होत नाही. वर काळी, हिरवी वा गुलाबी बुरशी दिसली, तर वरचा थर काढून खाली राहिलेले वापरण्याचा मोह टाळावा. सगळे फेकून द्यावे. बुडबुडे मंदावल्यावर, म्हणजे साधारण आठवडाभराने, गाळलेला साथो जिवंतच असतो. तो बंद बाटलीत उष्ण ठिकाणी ठेवल्यास बाटली फुटू शकते.

इतिहासातही एक गल्लत वारंवार होते. 1941 पासून विकली जाणारी मेखोंग ही थाई दारू अनेकजण तांदळाची व्हिस्की समजतात. प्रत्यक्षात ती मुख्यतः उसाच्या मळीपासून होते आणि तांदळाचा वाटा थोडा असतो. खेड्यातली तांदळाची दारू मात्र 1950 च्या मद्य कायद्याखाली दशकानुदशके चोरून करावी लागली. 2022 मध्ये नियम सैल झाले, तरी घरगुती वापरासाठी वर्षाला 200 लिटरचीच मर्यादा आहे आणि परवानगी लागतेच. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याविना मद्य तयार करणे गुन्हा आहे, हे वाचकांनी गृहीत धरावे.

मिथेनॉलची, म्हणजे विषारी अल्कोहोलची, भीतीही चुकीच्या जागी असते. ते मुख्यतः फळांतील पेक्टिनपासून तयार होते, त्यामुळे तांदळाच्या साथोत त्याचे प्रमाण नगण्य राहते. ऑगस्ट 2024 मध्ये बँकॉकमध्ये जडीबुटीची दारू पिऊन माणसे दगावली, ती त्यात मिथेनॉल मिसळले गेल्यामुळे. म्हणून कुठून आली हे ठाऊक नसलेली स्वस्त दारू तिथे गेल्यावर चाखूही नये.