सौरडाग आणि पाऊस: आलेख जुळवताना या चुका टाळा

दर उन्हाळ्यात एखादा तरी मुलगा लॅपटॉप घेऊन समोर बसतो. पडद्यावर दोन रेघा, एक सौरडागांची (सूर्यावरचे काळे डाग, साधारण ११ वर्षांच्या चक्रात वाढतात-घटतात), एक पावसाची. "सर, बघा कसं जुळतंय!" जुळणारच. माझंही जुळलं होतं.

नोकरीत नवा होतो. एका जिल्ह्याचा चाळीसेक वर्षांचा पाऊस घेतला. रेघ फारच उड्या मारत होती, म्हणून ११ वर्षांची चल सरासरी काढली, म्हणजे प्रत्येक वर्षाच्या जागी आजूबाजूच्या ११ वर्षांची सरासरी ठेवली, आणि सौरडागांवरही तीच इस्त्री फिरवली. सहसंबंध (दोन रेघा किती जुळतात याचा आकडा) असा आला की रात्रभर झोप नाही. सकाळी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने कागद पाहिला आणि म्हणाला, "अरे, ११ वर्षांचं चक्र शोधत होतास ना? तेच तर तू धुऊन टाकलंस." उरली होती ती दोन सावकाश चढणारी-उतरणारी वळणं. अशी कुठलीही दोन वळणं एकतर जुळतात, नाहीतर बरोब्बर उलटी जुळतात. दिसायला बिंदू तीस, पण एकमेकांपासून खरोखर स्वतंत्र तीन-चारच. मग त्याने पावसाची वर्षं पत्त्यांसारखी पिसायला लावली आणि सरासरी पुन्हा काढायला सांगितलं. पिसलेला पाऊसही सूर्याशी झकास जुळत होता!

तेव्हापासूनची सवय: आधी कच्चे आकडे, मग हजार वेळा पिसणं. पिसलेल्यापेक्षा माझा आकडा सरस नसेल तर फाईल बंद. याला अर्धा तास लागतो, पण हल्ली तेवढाही धीर कुणाला नसतो.

दुसरी चूक म्हणजे जुळणारा तुकडा तेवढा उचलणं. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवराची पातळी १८९६ पासून पंचवीसेक वर्षं सौरडागांच्या तालावर वर-खाली होत होती. मग ताल तुटला तो तुटलाच. आपल्याकडेही २००२ चा दुष्काळ सौरचक्राच्या कमाल काळाला लागून आला आणि २००९ चा किमान काळाला लागून. दोन्ही वर्षी एल निनो (प्रशांत महासागराचं पाणी तापणं) होता, त्याचं नाव मात्र आलेखात नसतं.

जुळत नसेल तर एक रेघ दोन वर्षं मागे सरकवतात, मग तीन. समुद्र सावकाश तापतो, त्यामुळे थोडा उशीर असू शकतो, मान्य. पण तो किती, हे आलेख काढण्याआधी लिहून ठेवा.

"सूर्य तापला की समुद्र तापला" असं लिहिणाऱ्यांनी आधी भागाकार करावा. पृथ्वीजवळ दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट येतात आणि चक्रात फरक पडतो जेमतेम एका वॅटचा. पृथ्वी गोल, म्हणून त्याला ४ ने भागा. परावर्तित होणारे ३० टक्के वजा करा. उरतो ०.२ वॅटच्या आत-बाहेर. अतिनील किरणांत मात्र बदल काही टक्क्यांचा असतो. त्याने स्थितांबरातला (वातावरणाच्या वरच्या थरातला) ओझोन आणि तिथलं तापमान हलतं, वारे बदलतात. उत्तर अटलांटिकच्या हिवाळ्यावर परिणाम शोधतात तो याच वाटेने. तो क्षीण आहे, आणि तो एका जिल्ह्याच्या पावसात शोधू नये.

ज्वालामुखी विसरू नका. एल चिचोन १९८२, पिनाटुबो १९९१, दोन्ही सौर कमाल काळानंतर लगेच फुटले, म्हणून त्यांनी आणलेली थंडी सूर्याच्या खात्यावर जमा होते.

आणि २०१५ मध्ये सौरडागांची मालिका नव्याने मोजली गेली, आकडे मोठे झाले. जुनी फाईल नव्याला चिकटवली की सूर्य अचानक खवळलेला दिसतो. गेल्या महिन्यात असे दोन आलेख परत पाठवले.