ऑलिम्पिक बांधायची तर आधी वर्ष ठरवा

रत्नागिरीच्या एका यार्डात मी मच्छीमार ट्रॉलरची ड्रॉइंग करते आणि रात्री घरी ब्लेंडर या थ्रीडी मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'ऑलिम्पिक' बांधते. टायटॅनिकची ही थोरली बहीण, बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ यार्डातली ४०० क्रमांकाची बोट. टायटॅनिक तर सगळेच करतात. ऑलिम्पिकने १९११ ते १९३५ अशी चोवीस वर्षं समुद्र मारला, पहिल्या महायुद्धात सैनिक वाहिले, १९१८ साली एका जर्मन पाणबुडीला धडक देऊन ती बुडवली. अशी बोट कुणीतरी नीट बांधायला हवी, असं मला मनापासून वाटतं. तुम्हालाही वाटत असेल तर काम कुठून सुरू करायचं ते सांगते.

पहिलं काम माउसला हात लावण्याआधीचं. वर्ष ठरवा. १९११ च्या जूनमध्ये पहिल्या सफरीला निघालेली ऑलिम्पिक आणि १९१३ ची ऑलिम्पिक या दोन वेगळ्या बोटी आहेत. टायटॅनिक बुडाल्यावर तिला परत बेलफास्टला नेलं, आतून दुसरं कवच बसवलं, पाणबंद भिंती उंच केल्या आणि वरच्या डेकवर जीवरक्षक बोटींची गर्दी केली. युद्धात तिच्या अंगावर शत्रूचा अंदाज चुकवणारे रंगीत पट्टे आले. युद्धानंतर कोळसा जाऊन तेल आलं, म्हणजे पोटातली रचनाही बदलली. १९११ च्या डेकवर १९२० च्या बोटी टांगल्या तर जाणकार पहिल्या नजरेत ओळखतो. मी १९११ चा उन्हाळा धरलाय. डेव्हिटखाली, म्हणजे जीवरक्षक बोटी पाण्यात सोडायच्या हातांखाली, १६ बोटी, वरच्या डेकला मोकळं आकाश.

फोटो गोळा करताना डोळे उघडे ठेवा. टायटॅनिक म्हणून फिरणारे कितीतरी फोटो मुळात ऑलिम्पिकचे आहेत, कारण तिचे फोटो खूप जास्त काढले गेले. ओळखायची खूण सोपी आहे. टायटॅनिकच्या ए डेकचा पुढचा अर्धा भाग खिडक्यांनी बंद आहे, ऑलिम्पिकचा पूर्ण लांबीभर उघडा. त्याखालच्या बी डेकवर टायटॅनिकच्या खिडक्या अरुंद आणि कमीजास्त अंतरावर, ऑलिम्पिकच्या सारख्या अंतरावर. फोल्डर पहिल्या दिवसापासून वेगळे करा.

आता फाइल. मापं फूट-इंचात ठेवा, कारण मूळ नकाशे त्यातच आहेत. लांबी ८८२ फूट ९ इंच, रुंदी ९२ फूट ६ इंच. बोटीचा मध्य आणि तळाचा कणा जिथे मिळतात तिथे शून्य बिंदू धरा. व्ह्यूपोर्टची, म्हणजे मॉडेल दिसतं त्या चौकटीची, शेवटची मर्यादा वाढवून घ्या, नाहीतर दूरून पाहताना अर्धी बोट गायब होते.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो सांगाड्याला. माझे मामा मालवणला होड्या बांधायचे. फळ्या ठोकण्याआधी ते लाकडाची एक पातळ पट्टी बरगड्यांवरून वाकवून धरत आणि मला म्हणत, "बाय, आधी हात फिरवन बघ, मगे सांग." पट्टी जिथे फुगली किंवा खचली तिथे बरगडी तासायची. पडद्यावर हात फिरवता येत नाही, पण त्याचं काम ब्लेंडरमधलं पट्ट्यापट्ट्यांचं मॅटकॅप, म्हणजे पृष्ठभागावर चकाकी दाखवणारं तयार आवरण, करतं. पट्टे नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत सलग वाहिले पाहिजेत. कुठे वळसा आला की तिथे कुबड आहे. ते काढायचं म्हणजे बिंदू वाढवायचे नाहीत, कमी करायचे. बाहेरच्या आकाराला कमीत कमी बिंदू, हा नियम मी यार्डातही पाळते.

खऱ्या बोटीत बरगड्यांमधलं अंतर मधल्या भागात ३ फूट होतं, पुढे नाळेकडे २ फूट आणि मागे सव्वादोन फूट. हेच अंतर धरून बरगड्या उभ्या करा, दिसणार नसल्या तरी. पुढे दारं, खिडक्या, भिंती कुठे पडायच्या याचा हिशोब त्यांच्यावरच बसतो. आणि डेक सपाट काढू नका. तो दोन्ही टोकांकडे वर चढतो, आणि रुंदीत मधोमध किंचित फुगीर असतो. खिडक्यांची रांग त्या चढाबरोबर चढते. एका सरळ रेषेत खिडक्या मारलेली बोट पुठ्ठ्याची वाटते.

पत्रे साधारण ३० फूट लांब, ६ फूट रुंद. एक रांग आत, शेजारची तिच्यावर चढलेली, अशी जोडणी होती. ही पातळ पायरी खरी भूमिती म्हणून काढा. तिरप्या उन्हात तिची सावली पडली की लोखंड लोखंडासारखं दिसतं. रिव्हेट मात्र नॉर्मल मॅपमध्ये, म्हणजे उंचसखलपणाचा नुसता भास देणाऱ्या चित्रात, टाका; तीस लाखांच्या घरातले रिव्हेट कुठलाच संगणक एकेक करून सांभाळणार नाही. आरशासारखी दुसरी बाजू उचलायची ती पत्र्यांपर्यंतच. गोल खिडक्या डाव्या-उजव्या बाजूला सारख्या नाहीत.

धुराडी गोल नाहीत, लंबगोल आहेत: २४ फूट ६ इंच बाय १९ फूट. दर फुटाला २ इंच मागे कललेली. चौथं धुराडं बॉयलरच्या धुरासाठी नव्हतं, हवा खेळवण्यासाठी होतं, म्हणून त्यातून बाकीच्यांसारखा काळा लोट सोडू नका.

आतल्या लाकूडकामासाठी नशीब आपल्या बाजूचं आहे. १९३५ साली बोट मोडायला काढली तेव्हा सामानाचा लिलाव झाला, आणि तिची काही लाकडी पॅनेलं इंग्लंडमधल्या ॲनिकच्या व्हाइट स्वान हॉटेलात आजही लावलेली आहेत. त्यांचे फोटो पाहून रंग जुळवा. लाकडावर प्रकाश कसा पडतो हे शिकायला मी थिबा राजवाड्यात जाते. तोही १९१० च्या सुमाराचाच. तिथलं लाकूड सागाचं आणि बोटीचा जिना ओकचा, त्यामुळे रंग तिथून घेऊ नका. पण खिडकीतून आलेलं ऊन कठड्याच्या वरच्या कडेवर कसं चमकतं आणि कोपऱ्यात कसं विझतं, ते उभं राहून पाहण्यासारखं आहे.

आणखी एक सवय लावून घ्या. फाइलमध्ये मी आमच्या यार्डातला ५० फुटी ट्रॉलर ऑलिम्पिकच्या शेजारी उभा करून ठेवलाय. असे सतरा ट्रॉलर एकापुढे एक लावले तरी तिची लांबी थोडी उरते. ज्या बोटीवर मी रोज चढते ती बाजूला असली की दाराची उंची, कठडा, शिडीची पायरी यांत काही बिघडलं तर लगेच खटकतं. तुम्हाला माहीत असलेली कुठलीही बोट चालेल.

पावसाळ्यात लाइट जाते, तेव्हा ऑटोसेव्हवर भिस्त नको. डेक, धुराडी, आतल्या खोल्या वेगळ्या फाइलींत ठेवून मुख्य फाइलला जोडा.

समुद्र शेवटी. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून सुटणाऱ्या ट्रॉलरच्या लाटा बघून ऑलिम्पिकच्या लाटा काढाल तर बोट एकदम खेळण्याएवढी दिसेल. बोटीबरोबर पळणाऱ्या लाटेची लांबी वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ८ नॉटच्या ट्रॉलरला ती सुमारे ११ मीटर, २१ नॉटच्या ऑलिम्पिकला सुमारे ७५ मीटर. म्हणजे २६९ मीटरच्या अंगाला लागून साडेतीनच लाटा बसतात. पहिला उंचवटा नाळेपाशी ठेवा, पुढचे ७५-७५ मीटरवर मोजून टाका आणि मागे जाताना त्यांची उंची कमी करत न्या.