पायाभोवतीच्या पाण्याचा निचरा: सामान निवडताना या चुका टाळा

कोकणात उतारावर घर बांधलं की डोंगराकडची भिंत अर्धी जमिनीत जाते. जून ते सप्टेंबर त्या भिंतीमागे पाणी साचतं. ते काढायला पायाच्या कडेने चर खणून त्यात खडी आणि भोकांचा पाइप घालतात. चर बहुतेक जण नीट खणतात. घोळ होतो सामान आणताना, कारण वर माती लोटली की ते कुणाला दिसणार नसतं.

सगळ्यात महाग पडणारी चूक खडीभोवती गुंडाळायच्या गाळणीच्या कापडाची. रत्नागिरीच्या बाजूला एका घराच्या दुरुस्तीला गेलो होतो. खालच्या खोलीत गिलावा फुगलेला, फरशीला कायम ओल. मालकांनी आतून वॉटरप्रूफिंग करून पाहिलं होतं, पण पुढच्या पावसात ते पापुद्र्यासारखं सुटलं. आम्ही बाहेरचा चर उकरला, तर खडीभोवती सिमेंटच्या रिकाम्या गोणी गुंडाळलेल्या. गोणींच्या बाहेरून लाल चिखलाचा जाड थर आणि आतली खडी जवळजवळ कोरडी. पाणी पाइपापर्यंत पोचतच नव्हतं, भिंतीला टेकून उभं राहत होतं. पुढे गोणी संपल्या तिथे बागेची हिरवी शेडनेट लावलेली. तिच्यातून माती सरळ आत गेली होती आणि पाइप गाळाने भरला होता.

"अहो, गोणी कुजत नाही, मग बिघडलं कुठे?" असं तिथल्या मिस्त्रींनी विचारलं. कुजण्याचा प्रश्नच नाही. या कापडाला दोन कामं एकदम करायची असतात: पाणी सोडायचं आणि माती अडवायची. गोणी पाणीच नीट सोडत नाही, नेट माती अडवत नाही. इथे न विणलेलं, नमद्यासारखं दिसणारं जिओटेक्स्टाइलच लागतं. घराच्या कामाला मी चौरस मीटरला 150 ते 200 ग्रॅम वजनाचं घेतो. दुकानातच तुकडा बादलीवर ताणून वर तांब्याभर पाणी ओततो. पाणी झरझर खाली गेलं तरच माल घेतो. कापड चराच्या तळाला आणि दोन्ही बाजूंना अंथरायचं, खडी भरून झाली की वरून दुमडायचं, जोडाला फूटभर एकावर एक घ्यायचं. नुसतं पाइपाला गुंडाळून मोकळं होणारे घाई करतात. चिकण मातीत तेवढंसं कापड लवकर लिंपून जातं आणि भोवतालची खडीही मातीने भरते.

दुसरी चूक खडीची, आणि तिचाही मला तितकाच राग येतो. एकाच मापाच्या स्वच्छ खडीत साधारण 40 टक्के जागा मोकळी असते, पाणी त्याच जागेतून वाहतं. कच, म्हणजे दगडाची बारीक भुकटी, मिसळलेली खडी स्वस्त मिळते म्हणून आणली की ही जागाच भरून जाते. मुरूम टाकणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं! चिऱ्यांचे उरलेले तुकडे आणि विटांचा रोडा ओलीत झिजून चिखल होतात. जुन्या काँक्रीटचा डबर वापरला तर त्यातला चुना पाण्याबरोबर उतरतो आणि पाइपाच्या भोकांवर पांढरा थर धरतो. काळ्या दगडाची 20 मिलीमीटरची धुतलेली खडीच घ्या. गाडी रिकामी करण्याआधी मूठभर खडी बाटलीत पाण्यासोबत हलवून बघा. पाणी गढूळ झालं तर साइटवरच धुऊन घ्या. मजूर कुरकुरतात, तरी धुवायची.

पाइप 110 मिलीमीटरचा कडक पीव्हीसी घ्यावा. इलेक्ट्रिकचा कंड्युट किंवा गुंडाळीचा मऊ होज वरची माती ठोकताना धुमसाखाली चपटा होतो. भोकं खालच्या बाजूला ठेवायची. वर ठेवली तर पाणी पाइपाच्या माथ्यापर्यंत चढल्याशिवाय आत शिरत नाही. उतार मीटरला निदान एक सेंटीमीटर, आणि तो पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, म्हणजे लेव्हल ट्यूबनेच बघायचा, डोळ्याने नाही. काटकोनी एल्बो टाळा, गाळ तिथेच अडतो; दोन 45 अंशांचे बेंड लावा. वरच्या टोकाला पाइप जमिनीबाहेर काढून झाकण लावलं की पुढे पाणी मारून साफ करता येतो. चर पायाच्या तळापेक्षा खोल नेऊ नका, पायाखालची माती सुटते.

छपराचं पाणी या पाइपात कधीही सोडू नका. 100 चौरस मीटर छपरावर तासात 50 मिलीमीटर पाऊस पडला की 5000 लिटर पाणी होतं, आणि ते आपण स्वतःच पायाशी भोकांतून सोडतो. पन्हळीला बिनभोकांचा वेगळा पाइप हवा.

देशावर काळ्या मातीत घर असेल तर हा चर जसाच्या तसा उचलू नका. ती माती ओलीने फुगते, वाळली की आक्रसते, आणि पायाला तडा जातो तो या खालीवर होण्याने. तिथे छपराचं आणि मोरीचं पाणी बंद पाइपाने लांब न्यायचं, घराभोवती बाहेरच्या बाजूला उतरती पक्की फरशी करायची. खडीचा चर घ्यायचाच असेल तर पायापासून दूर, पाणी येतं त्या अंगाला घ्या.