थंडी पडताना वॉलआय मासा मिळत नाहीये? या चुका टाळा

सप्टेंबर संपत आला की अमेरिकेतल्या मिनेसोटात बरेच जण बोटी झाकून ठेवतात, आणि मोठे वॉलआय (गोड्या पाण्यातले शिकारी मासे) तर तेव्हाच हावरटासारखे खायला लागतात. जे जातात तेही जुलैच्या जागेवर जाऊन बसतात आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी, ही सगळ्यात मोठी चूक.

उन्हाळ्यात तळ्यात वर गरम आणि खाली गार असे पाण्याचे थर असतात, वरचं पाणी गार होत होत साधारण ५५ फॅरेनहाइटच्या खाली गेलं की थर मोडतात आणि सगळं पाणी वरखाली होतं, इथे याला टर्नओव्हर म्हणतात. पाणी गढूळ हिरवट दिसतं, तळातला कुजका पाला वर तरंगतो, कधी वासही येतो आणि मासे वाट्टेल तिकडे पांगतात. असं दिसलं की हट्ट करू नका, सरळ दुसरं तळं गाठा नाहीतर नदीवर जा, वाहत्या पाण्यात ही भानगडच नसते. आठ-पंधरा दिवसांनी पाणी निवळलं की परत या आणि तळ जिथे एकदम खोल उतरतो तिथे, दगडगोट्यांच्या कडेला, २० ते ३५ फुटांत शोधा.

दुसरं म्हणजे घाई. भूक असली तरी गार पाण्यात मासा सुस्त असतो, पाव औंसाच्या जिगला (शिशाचं डोकं असलेल्या गळाला) चांगला चार इंची जिवंत मिनो (आमिषाचा छोटा मासा) लावा आणि तळाशी अगदी हळू हलवा. टक् असा झटका दरवेळी येतोच असं नाही, कितीदा तरी ओली चिंधी अडकल्यासारखी लाईन नुसती जड होते, तेवढ्यावरच रॉड उचलायचा.

ऊन उतरलं की गाशा गुंडाळू नका प्लीज! वॉलआयच्या डोळ्यात मागे उजेड परतवणारा पडदा असतो, टॉर्च मारला तर मांजरासारखे चमकतात, त्यामुळे अंधुक उजेडात त्याला भक्ष्य छान दिसतं. पण अंधारात थांबणार असाल तर लाइफ जॅकेट अंगात घातलेलंच हवं, सीटखाली नको, एवढ्या गार पाण्यात पडलं की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही श्वास आवरत नाही.

आणि ३० फुटांखालून ओढलेला मासा सोडून दिला तरी बरेचदा वाचत नाही, पोटातली हवेची पिशवी फुगलेली असते, म्हणून न्यायचे तेवढे झाले की खोल पाण्यात गळ टाकूच नका.