युवा संसदेत सॉलोमन बेटांचा पंतप्रधान कसा निवडावा

गणेशोत्सवासाठी युवा संसद बसवायची ठरली की इंदूरच्या मंडळांत पहिलं नाव लोकसभेचंच निघतं. त्यात पंतप्रधान आधीच ठरलेला असतो. सॉलोमन बेटं या प्रशांत महासागरातल्या देशाची संसद घेतली तर तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ठरतो. तिथे 50 खासदार गुप्त मतदानाने आपल्यातून पंतप्रधान निवडतात.

मंडळाला 25 खासदार पुरतात. सर्वांत मोठ्या पक्षाला 8, दुसऱ्याला 5, तिसऱ्याला 3 आणि उरलेले 9 अपक्ष. कोणालाही स्वबळावर बहुमत देऊ नका, नाहीतर खेळ तिथेच संपतो. 2024 मध्ये जेरेमाया मानेले यांच्या पक्षाकडे जेमतेम 15 जागा होत्या, तरी ते 31 विरुद्ध 18 मतांनी पंतप्रधान म्हणून निवडून आले.

लोकसभेच्या माजी अध्यक्ष सुमित्राताई महाजन इंदूरच्या, त्यामुळे इथल्या मुलांना लोकसभा अध्यक्षाची खुर्ची ओळखीची आहे. त्यामुळे तालमीत प्रत्येक जण निवडणूक अध्यक्षाकडेच सोपवतो. सॉलोमन बेटांत ती गव्हर्नर जनरल, म्हणजे तिथले राजाचे प्रतिनिधी, घेतात. ही भूमिका मत नसलेल्या एखाद्या काकांना किंवा मावशींना द्या.

अर्जावर उमेदवाराची सही आणि त्याच्याखेरीज चार खासदारांच्या सह्या हव्यात. एकाच खासदाराची सही दोन अर्जांवर निघाली तर गोंधळ होतो, म्हणून सह्या टेबलासमोर उभं राहूनच घ्या. तीन उमेदवार उभे राहतील असं पाहा. दोघांतच लढत झाली तर दुसऱ्या फेरीची गंमत जाते.

अर्ज भरल्यावर पाऊण तास गटांसाठी ठेवा. हा वेळ वाचवायचा मोह हमखास होतो, पण तो वाचवू नका. राजधानी होनियारात सार्वत्रिक निवडणुकीचा निकाल लागला की खासदार हॉटेलांत गट करून मुक्काम ठोकतात. मंत्रिपदं, खाती सगळं तिथे ठरतं. या गटातून त्या गटात उड्या मारणाऱ्यांना तिकडे नाकतोडे म्हणतात. मंडळात दोन खोल्या द्या, दारं उघडी ठेवा आणि कोणाला कोणतं खातं कबूल केलं ते प्रत्येक गटाला कागदावर लिहायला लावा.

आता चिठ्ठ्या. उमेदवाराचं नाव हाताने लिहायला लावू नका, कारण अक्षर ओळखू येतं आणि गुप्तता संपते. फळ्यावर 1, 2, 3 क्रमांकांसमोर नावं लिहा. चिठ्ठीवर फक्त 1, 2, 3 चे चौकोन छापा आणि त्यातल्या एकावर खूण करायला सांगा. पहिल्या फेरीला पांढरा, दुसरीला पिवळा कागद घ्या, म्हणजे सरमिसळ होत नाही. दोन्ही रंगांच्या तीस-तीस चिठ्ठ्या कापून ठेवा. पेन सगळ्यांना एकाच शाईचं. परीक्षेचे दोन पुठ्ठे उभे करून आडोसा करा आणि आत जाण्याआधी फोन ठेवून घ्या, कारण चिठ्ठीचा फोटो गटनेत्याला दाखवता आला की गुप्त मतदानाला अर्थ उरत नाही. मतपेटीला मिठाईचा मोठा खोका चालतो. तो रिकामा असल्याचं आधी सगळ्यांना दाखवा.

पंचवीसही मतं वैध असतील तर जिंकायला 13 लागतात. तेवढी कोणालाच मिळाली नाहीत तर सर्वांत कमी मतांच्या उमेदवाराचं नाव फळ्यावरून पुसा आणि पुन्हा मतदान घ्या. पुसलेल्या क्रमांकावर खूण आली तर ती चिठ्ठी बाद. पिवळी चिठ्ठी देताना गव्हर्नर जनरलनी हे मोठ्याने सांगायला हवं. ते राहिलं की दोन-तीन मतं हटकून वाया जातात.

निवडणूक कशी फिरते ते समजायला 18 एप्रिल 2006 चे आकडे मुलांना द्या. पहिल्या फेरीत जॉब डडली ताउसिंगा 22, स्नायडर रिनी 17, मनासेह सोगावारे 11. दुसऱ्या फेरीत रिनी 27, ताउसिंगा 23. आघाडीवरचा हरला! त्यानंतर होनियारात दंगल पेटली, चायनाटाउन जळालं आणि आठ दिवसांत रिनींनी राजीनामा दिला. 4 मे रोजी सोगावारे पंतप्रधान झाले, म्हणजे पहिल्या फेरीत तिसरे आलेले.

हे आकडे मतदान झाल्यावरच वाचा. आधी कळले तर सगळे मुद्दाम तिसऱ्याच्या मागे लागतात.