शंकरराव आणि विलासराव : तुलना लिहायची तर अशी लिहा

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन जवळ आला की लेकरं माझ्याकडं भाषण बसवायला येतात. बऱ्याचदा विषय असतो मराठवाड्याचे दोन मुख्यमंत्री, शंकरराव चव्हाण आणि विलासराव देशमुख, आणि पहिलं वाक्यही ठरलेलं : ‘एक शिस्तीचे हेडमास्तर, दुसरे दिलखुलास.’ ते मी आधी खोडायला लावते. एकदा स्वभाव सांगितला की काम शोधायचं राहूनच जातं.

माझं माहेर पाथरी तालुक्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर. सासर लातूरजवळ, घरचा ऊस मांजरा कारखान्याला. दोघांचं देणं मी शेतात पाहिलंय, म्हणून मी पाण्यापासून सुरुवात करते.

वहीचं पान उभं दुमडा. एकीकडं शंकरराव : जन्म १९२०, पैठण. दुसरीकडं विलासराव : १९४५, बाभळगाव. शंकरराव निजामाच्या राज्यात वाढले. विलासराव गावचे सरपंच झाले तेव्हा महाराष्ट्र होऊन दशक उलटलं होतं. हे २५ वर्षांचं अंतर सुटलं तर पुढचं सगळं तिरपं जातं. मुख्यमंत्री दोघंही दोनदा : शंकरराव १९७५ ते ७७ आणि १९८६ ते ८८, विलासराव १९९९ ते २००३ आणि २००४ ते ०८. वर्षांची बेरीज करून मोठेपण ठरवू नका. शंकररावांच्या पहिल्या कारकिर्दीचा बहुतेक काळ आणीबाणीचा होता, हे त्याच ओळीत लिहा.

आता एकेक काम घ्या आणि त्याच्या तीन तारखा शोधा : पायाभरणी, उद्घाटन, आणि लोकांच्या हाती पडलं तो दिवस. जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली. तेव्हा वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते आणि शंकरराव त्यांच्या मंत्रिमंडळात. १९७६ साली इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं तेव्हा शंकरराव स्वतः मुख्यमंत्री. म्हणजे ‘शंकररावांनी धरण बांधलं’ हे वाक्य अपुरं आहे, पण त्यांच्या पाठपुराव्याशिवाय धरणाची गोष्ट लिहिताही येत नाही. तिसरी तारीख सरकारी कागदात सापडत नाही. आमचं शेत चारीच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला. आवर्तन सुटलं की वडील रात्री कंदील घेऊन चारीवर बसायचे, कारण वरच्यानं पाणी वळवलं की आमचा पाट कोरडा. पहिल्यांदा सऱ्या भरल्या त्या पहाटे आईनं पाण्याला हळदकुंकू वाहिलं होतं. माझ्यासाठी धरण त्या दिवशी पूर्ण झालं.

विलासरावांच्या बाजूला त्यांनी उभा केलेला मांजरा साखर कारखाना लिहा. उसाचं बिल खात्यावर आलं म्हणून आमच्या घरातली पहिली मुलगी लातूरला कॉलेजात जाऊ शकली. हे कुणी हलकं करू नये. पण त्याच पानावर २०१६ लिहा. त्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. टाकीसमोरच्या रांगेत मी दोन घागरी घेऊन उभी होते. उसामुळंच हे झालं असं एका ओळीत लिहू नका. पाऊस दोन वर्षं गेला होता, लातूरला पाणी देणारं धनेगावचं धरण आटलं होतं. ऊस वगळूनही लिहू नका.

माझं स्वतःचं मत विचाराल तर पाण्याच्या दूरदृष्टीत शंकरराव पुढं, शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा देण्यात विलासराव. तुमचं वेगळं असेल तर तुमच्या तारखा दाखवा.

पडत्या काळाचीही ओळ हवीच. विलासराव १९९५ ला लातुरातच पडले आणि १९९९ ला तिथूनच जिंकून मुख्यमंत्री झाले. मुंबई हल्ल्यानंतर २००८ साली त्यांना पद सोडावं लागलं. १९९२ ला बाबरी पडली तेव्हा देशाचे गृहमंत्री शंकरराव होते. आपल्याकडची भाषणं या ओळी गाळतात, म्हणून ती पोकळ वाटतात.

मुलांचं राजकारण दुसऱ्या पानावर. विलासरावांनंतर लगेच शंकररावांचा मुलगा अशोकराव चव्हाण मुख्यमंत्री झाले, हे वाचायला रंजक आहे, पण बापाच्या खात्यात ते जमा करायचं नाही.

शेवटी माणसांना विचारा. बाभळगावात किंवा शंकररावांच्या नांदेडच्या वाड्यावर नको, तिथं कौतुकच ऐकायला मिळेल. जायकवाडीत ज्यांची जमीन गेली त्यांच्या पुनर्वसित गावात जा. म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, चहा घ्या आणि तीनच प्रश्न विचारा : किती जमीन गेली, बदल्यात किती मिळाली, आणि त्या जमिनीला आज पाणी आहे का?