टोकाचा रेडिएटर तापेना तेव्हा

घर गरम ठेवणाऱ्या यंत्रणेतले बॉयलरजवळचे रेडिएटर चटका बसेल इतके तापलेले, आणि टोकाच्या खोलीतला जेमतेम कोमट. नुसता वरचा भाग गार असता तर हवा अडकलेली, तळाशी मधोमध गार असता तर गाळ. इथे अख्खाच कोमट, म्हणजे पाणीच पुरेसं पोचत नव्हतं. पंपाचा वेग वाढवा असं सांगणारे भेटतात. त्याने बहुतेकदा पाइपांचा आवाजच वाढतो.

आधी किल्लीने हवा काढली, फुसफुस थांबून पाणी येईपर्यंत. दाब उतरला होता, तो यंत्रणा थंड असताना १ ते १.५ बारवर आणला. मग खरं काम: प्लास्टिकच्या टोपीखालचा लॉकशील्ड व्हॉल्व्ह, म्हणजे रेडिएटरमधून किती पाणी वाहील ते ठरवणारा. खोलीच्या तापमानानुसार आपोआप उघडमीट होणारे थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह सगळे पूर्ण उघडले, टोकाच्या रेडिएटरचा लॉकशील्डही. बॉयलरजवळच्याचा मात्र पूर्ण बंद करून जेमतेम पाव फेरा उघडला. एवढ्याशा फटीतूनही तो छान तापतो, आणि बाकीचं पाणी पुढे टोकापर्यंत जातं! प्रत्येक बदलानंतर तापमान स्थिरावू द्यायचं, नाहीतर सगळं मुसळ केरात. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपांत साधारण ११-१२ अंश सेल्सिअसचा फरक धरला. धुरातली उष्णताही वापरणाऱ्या कंडेन्सिंग बॉयलरला २०च्या आसपासही चालतो. कुठला व्हॉल्व्ह किती फेरे उघडा, ते टोपीच्या आत मार्करने लिहून ठेवलंय. रंगकामाला रेडिएटर उतरवला की हे आकडे लागतातच.